कित्ता : एका पानाच्या १४ महिन्यांच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

आज वही उघडली. एक कित्ता लिहायचा आणि त्यासाठी कागद, शाई, कलम सगळं हातानं तयार करायचं, एवढंच ठरवलंय.

शाळेत गिरवायचो तोच हा कित्ता. शब्द मूळचा अरबी, 'कित्अह', म्हणजे तुकडा. उस्मानी (ऑटोमन तुर्की) खत्तातांकडे, म्हणजे सुलेखनकारांकडे, त्याचा ठरलेला साचा आहे: आडवं पान, वर जाड कलमाने सुलुस लिपीची एक ओळ, खाली बारीक कलमाने नस्खच्या तीन-चार ओळी. वरच्या ओळीत मी 'रब्बी यस्सिर वला तुअस्सिर, रब्बी तम्मिम बिल्खैर' घेतेय. देवा, सोपं कर, अवघड करू नकोस, चांगल्या रीतीने तडीला ने. त्या परंपरेत नव्या विद्यार्थ्याला पहिला धडा म्हणून हीच ओळ देतात. खाली कुरआनातली सूरह इख्लास.

पान दादीच्या खोलीसाठी आहे. दादी कुरआन अरबीत वाचायची, पत्रं मराठीत लिहायची आणि हिशेब तोंडी करायची. तिच्या खोलीत जी चौकट टांगलेली आहे ती छापील, चकचकीत, कडेने सोनेरी पन्नी. मला अरबी वाचता येतं, पण हाताने एक अलिफ धड काढता येत नाही. नाव अरबी, बोलणं मराठी, सही इंग्रजी असा माझा कारभार.

मुदत: ३ महिने. (हे वाक्य खोडत नाही. पुढे कुणी करायला घेईल त्याला दिसू दे.)

२१ जानेवारी

कलम. बोरू म्हणा, नेज म्हणा, पोकळ काडीच ती. ९ काड्या घेऊन बसले, संध्याकाळी २ उरल्या.

काडीला लांब तिरका छेद द्यायचा, आतला भुसा खरवडायचा, दोन्ही बाजू तासून टोक निमुळतं करायचं, मधोमध चीर द्यायची आणि शेवटी टोक एका झटक्यात तिरकं तोडायचं. पहिल्या ४ काड्यांची चीर थेट पेरापर्यंत पळाली. चूक सुरीची. भाजीची सुरी पाचरीसारखी जाड असते, ती काडी कापत नाही, फाकवते. पातळ पात्याचा चाकू घेतल्यावर चीर हवी तिथे थांबली.

पुढच्या ३ काड्या लाकडाच्या पाटावर टोक तोडताना गेल्या. पात्याखालचं लाकूड दबतं आणि टोकाला कुसळं राहतात. म्हणूनच खत्तात हाडाचा किंवा हस्तिदंताचा 'मक्ता' वापरत. मी जुन्या जाड कंगव्याची पाठ वापरली, काम झालं. सुलुसचं टोक अडीच मिलिमीटर, नस्खचं एक.

तासलेला भुसा कचऱ्यात टाकवेना. उस्मानी खत्तात आयुष्यभर कलमांचे तासे साठवत आणि आपल्या शेवटच्या आंघोळीचं पाणी त्यावर तापवायला सांगत, असं सांगतात. मी बरणीत भरून ठेवलेत. कारण विचारू नका.

४ फेब्रुवारी

शाई. गेले दोन शनिवार-रविवार यातच गेले.

जवसाच्या तेलाचा दिवा, वर उपडं मातीचं भांडं, आत धरणारी काजळी पिसाने झाडून घ्यायची. भांडं फार खाली ठेवलं की दिवा गुदमरून विझतो, फार वर ठेवलं की काजळी भांड्याऐवजी छताला. छत अजून काळं आहे. वात मुद्दाम वर काढून, धूर होऊ देऊन ४ रात्री जाळली, तेव्हा चहाचे २ चमचे काजळी आली. इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीत (१५५७ मध्ये पूर्ण झाली, वास्तुकार सिनान) दिव्यांची काजळी हवेच्या झोताने दरवाज्यावरच्या एका खोलीत खेचली जाईल अशी सोय आहे, आणि तिची शाई होत असे. मोठ्यांचं छतही कामाला येतं.

काजळी पाण्यात टाकली तर ढवळूनही वरच तरंगली. तेलकट असते. जुना उपाय: कागदात पुडी बांधायची, पुडीभोवती कणकेचा गोळा, गोळा भट्टीत भाजायचा, तेल कणीक पिते. माझा पहिला गोळा भेगाळला आणि अर्धी काजळी भट्टीच्या भिंतींना लागली. कणीक पातळ लाटली होती. दुसऱ्यांदा बोटभर जाड ठेवली.

मग डिंक. इथे माझी मोठी चूक: आधी पाणी घातलं. भाजलेली काजळीही तरंगली. दाट डिंकाच्या पाण्यात काजळी कोरडीच मळायची, ती गोळा होऊन चकाकू लागली की खलात थेंब थेंब पाणी. खलताना हात दुखतो तेव्हा थांबायचं नसतं. मी थांबले. कण राहिले, कलमातून शाई अडखळत आली.

१० फेब्रुवारी

परत खल. एकूण १४ तास झाले. आज ओळ सलग उतरली. डिंक मात्र जास्त झालाय, वाळल्यावर रेघ चमकते आणि कागद वाकवला की तिचे पोपडे उडतात. पाणी आणि उरलेली काजळी घालून सारखं करतेय.

दौतीत कापूस ठेवला होता, टोक आपटू नये आणि शाई बेताची लागावी म्हणून. प्रत्येक तिसऱ्या अक्षराला कापसाचा तंतू चिरेत अडके आणि अक्षराला मिशी फुटे. कच्च्या रेशमाचा गुंडा घालतात, त्याला 'लीका' म्हणतात. रेशीम घातलं. मिशा बंद.

१८ फेब्रुवारी

आहार. खाण्याचा नव्हे, कागदावर चढवतात त्या लेपाला तुर्कीत 'आहार' म्हणतात. लेप नसला की कागद शाई पितो आणि रेघेच्या कडा फुटतात. लेप असला की शाई वर बसते, ओल्या बोटाने पुसताही येते. खत्तात चूक जिभेने चाटून काढत. तुर्कीत शिकलेल्या माणसाला 'शाई चाटलेला' म्हणतात ते यावरून.

२० ताव चहाच्या पाण्यात रंगवून वाळवले. १२ अंड्यांचा पांढरा बलक, त्यात तुरटीचा खडा फिरवत राहायचं, फेस खाली बसला की मलमलीतून गाळायचं. स्पंजने एक हात, वाळवण, दुसरा हात. घरभर वास. अम्मी दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, "अंडी बाहेर फेटलीस असतीस तरी चाललं असतं."

३ मार्च

२० पैकी ११ ताव गेले.

लेप वाळल्यावर आठवड्याच्या आत दगडाने घोटायचं असतं. मला कामामुळे वेळ झाला नाही, दोन आठवडे गेले. आज अकीकच्या दगडाने घासायला घेतलं तर लेपाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. तिरका उजेड पाडल्याशिवाय दिसत नाहीत, आणि कलम फिरलं की शाई भेगेत शिरते. ९ ताव बरे निघाले, ते तेवढे घोटले. लोकरी फडक्याला कोरडा साबण लावून आधी कागदावरून फिरवायचा, मग दगड अडत नाही. साबण विसरलात तर दगड किंचाळतो आणि लेप ओढून काढतो.

आणि मला आज कळलेली गोष्ट: असा कागद लगेच वापरत नाहीत. निदान एक वर्ष दडपून ठेवतात. तीन महिन्यांची मुदत इथे संपली.

९ ताव दोन फळ्यांत दाबून कपाटाच्या तळाशी ठेवले. वर तारीख लिहिली.

२० एप्रिल

रमजान, ईद, पाहुणे. नोंद नाही, काम नाही. आता वर्ष मिळालंच आहे तर हात तयार करते. एका उस्तादांनी व्हिडिओवर शिकवायचं कबूल केलं. गुळगुळीत साध्या कागदावर लिहायचं, फोटो पाठवायचा, ते त्यावर लाल शाईने दुरुस्ती करून परत पाठवणार.

माप नुक्त्याचं. कलमाचं टोक कागदावर टेकवून ओढलं की जो तिरका चौकोन उमटतो तो एक नुक्ता. ज्याचं त्याचं कलम, ज्याचा त्याचा नुक्ता. आमच्या उस्तादांच्या पद्धतीत सुलुसचा अलिफ ७ नुक्त्यांचा. ही मापाची शिस्त इब्न मुक्ला या अब्बासी वजिराच्या नावावर आहे (मृत्यू ९४०). राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला, तेव्हा तो कलम मनगटाला बांधून लिहीत राहिला असं सांगतात. मला दोन्ही हात असून अलिफ साडेआठ नुक्ते होतोय.

१६ जून

आठ आठवडे 'रब्बी यस्सिर' एवढंच. परत आलेल्या पानावर माझ्या काळ्यापेक्षा त्यांचं लाल जास्त असतं.

दोन आठवड्यांपूर्वीच्या एका पानाबद्दल सविस्तर लिहिते, कारण हे कुठेच वाचलं नव्हतं. उस्तादांनी माझ्या अक्षरांच्या डोक्यांवरून एक लाल रेघ ओढली. सरळ. सगळी डोकी अगदी एका रेषेत. मग पायांखालून दुसरी ओढली, तर ती समुद्रासारखी: रे वर, बे खाली, मीम भलतीकडेच. त्यांनी विचारलं, "हे सगळं कशाला लटकतंय?"

मला क्षणभर कळलं नाही. मग हसूच आलं. शिरोरेषेला! पहिलीपासून हाताला सवय, आधी वर टेकायचं मग खाली उतरायचं. मी नकळत हवेत शिरोरेषा धरून तिला अरबी अक्षरं वाळत घालत होते. त्यांना देवनागरीच्या चार ओळी लिहून पाठवल्या. त्यांनी बराच वेळ पाहिल्या, म्हणाले, "सुंदर आहे. पण बेटा, इथे अक्षराला जमीन असते, छप्पर नसतं."

उपाय साधा: ओळीखाली जाड दोरा चिकटवलेला पुठ्ठा ठेवायचा, कागद वरून दाबला की दोऱ्याची रेघ उमटते. याला 'मिस्तर' म्हणतात. वरची रेघ मुद्दाम नाही ठेवायची. दोन आठवड्यांत पाय जमिनीला लागले, डोकी मात्र मोकळी सुटली, ती अजून आवरतेय.

७ जुलै

नवी अडचण. उजवीकडून डावीकडे लिहिताना उजवा हात ताज्या शाईवरून जातो. शिवाय तळव्याचं तेल लेपाला लागलं की तिथे शाई धरत नाही. हाताखाली कागदाचा तुकडा. हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं कुणीतरी.

६ ऑक्टोबर

गेले तीन रविवार मी वाया घालवले, आणि उस्तादांना सांगितलंही नव्हतं.

शिरोरेषेचं डोक्यातून जात नव्हतं. वाटलं, ही चूक कशाला, हीच माझी ओळख! मराठी मुसलमान बाईचं सुलुस, वरून रेघ, खाली लटकलेली अक्षरं. ४० खर्डे केले. लांबून पाहिलं की बरं वाटायचं. जवळून पाहिलं की काही उभं राहत नव्हतं. सुलुसमध्ये अलिफ-लाम उंच जातात आणि बाकीचं शरीर खाली एकमेकांत वाकत, गुंतत चालतं. रेघेला अलिफ-लाम तेवढे पोचले. ऐन, मीम, सीन खाली अधांतरी. जबर-पेश या स्वरचिन्हांची जागा रेघेने खाल्ली. 'यस्सिर'वरची शद्दा, म्हणजे अक्षर दुहेरी करणारी खूण, रेघेत बुडून दिसेनाशी झाली, म्हणजे शब्दच बिघडला. दुआ बिघडवून ओळख काढायची होती का मला?

शेवटी उस्तादांना दाखवलं. ते रागावले नाहीत. त्यांनी उलट तीन फोटो पाठवले. एक मगरिबी लिपीचा, मोरोक्कोकडचा: तिथे 'फे'चा नुक्ता अक्षराच्या खाली असतो आणि 'काफ'ला दोनऐवजी एकच, तोही वर. दुसरा चीनच्या 'सीनी' लिपीचा, रेघा कुंचल्याने काढल्यासारख्या फुगत-निमुळत्या होत गेलेल्या. तिसरा बिहारी लिपीचा. मुघलांच्या आधी हिंदुस्थानात कुरआनच्या प्रतींसाठी ही लिपी वापरत. १३९९ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात लिहिलेली तिची एक प्रत आज टोरांटोच्या आगा खान संग्रहालयात आहे. आडव्या रेघा जाडजूड, उभ्या बारीक. पाहताच ओळखीचं वाटलं.

फोटोंखाली एकच ओळ होती: "यातली एकही कुणी तीन रविवारांत केलेली नाही."

टोमणा लागला. पण मला अजूनही वाटतं की या सगळ्यांची सुरुवात कुणाच्या तरी हाताच्या खोडीतूनच झाली असणार. फरक एवढाच, की आधी त्यांना अलिफ येत होता.

४० खर्डे. त्यांवर दुआ आहे, टाकून देता येत नाहीत. हे साधे कागद धुवून शाई निघत नाही. भिजवून, कालवून लगदा केला आणि झाडाच्या मुळाशी पुरला. पुढच्यांसाठी: कच्च्या सरावाला सुटी अक्षरं घ्या, पूर्ण मजकूर शेवटी.

१२ जानेवारी २०२५

वर्ष झालं. सुलुसची ओळ दहात चार वेळा बरी येते. नस्ख अजून दाटीवाटीचं. इस्मा इब्रत हानिम ही इस्तंबूलची मुलगी १५ व्या वर्षी, १७९५ मध्ये, पैगंबरांच्या वर्णनाचं आखलेलं मोठं पान, 'हिल्या', लिहून खत्तात म्हणून मान्यता घेऊन बसली होती. हे अम्मीला सांगितलं. अम्मी म्हणाली, "तिला दिवसभर नोकरी नसेल."

२ मार्च

फळ्या उघडल्या. ९ तावांपैकी एकाला कसर लागली. ८. लेप काचेसारखा कडक झालाय, नखाने टकटक वाजतो. गेल्या वर्षी यावर नख उमटायचं.

शाई वर्षभरात दाट झाली होती, पाणी घालून हलवली. हजला जाणाऱ्या काफिल्यातल्या उंटांना शाईच्या बाटल्या बांधत म्हणे, रस्ताभर हलत राहाव्यात म्हणून. मी बाटली बॅगेत टाकून आठवडाभर कामावर नेली.

९ मार्च

ताव १: पहिलाच 'रे' वाकडा. ताव २: ओळ छान, शेवटी 'बिल्खैर'ला जागाच उरली नाही. आधी शिसपेन्सिलने लांबी मोजायला हवी होती, उत्साहात नाही मोजली. ताव ३: शाईचा थेंब.

पण हे तिन्ही वाया गेले नाहीत. ओल्या कापसाने पुसले, पूर्ण कोरे झाले. (रोजा होता, चाटायचा प्रश्नच नव्हता.) पुसलेलं पाणी भांड्यात धरून कुंडीत ओतलं. बारा अंडी आणि वर्षभराची वाट कशासाठी, हे आज समजलं. एक ताव दोनदाच पुसता येतो, तिसऱ्यांदा लेप उठतो. हे मी तिसऱ्यांदा पुसून शोधलं.

१६ मार्च

ताव ५. पहाटे सहरीनंतर बसले. सुलुसची ओळ एका बैठकीत उतरली. 'तम्मिम'चा दुसरा मीम जरा डोकं वर काढतोय, छप्पर शोधतोय बिचारा. पुसायला कापूस उचलला आणि ठेवला.

२३ मार्च

नस्खच्या ३ ओळी, ४ बैठका. 'कुफुवन'चा वाव थोडा जाड. फोटो पाठवला. उस्तादांनी लाल शाईत ५ जागा दाखवल्या, पण या वेळी प्रतीवर नाही, वेगळ्या कागदावर. म्हणजे पान ठेवायचं.

मी विचारलं, खाली नाव घालू का? कित्त्याच्या शेवटी 'कतबहु', म्हणजे 'हे लिहिलं', आणि पुढे लिहिणाऱ्याचं नाव असतं. त्यांनी स्वच्छ नाही म्हटलं. इजाजत मिळाल्याशिवाय 'कतबहु' लिहायचं नाही, तो मान उस्ताद देतो तेव्हाच. अजून किती, विचारलं. "अलिफ सात नुक्त्यांचा झालाय," ते म्हणाले, "आता बे घेऊ."

हिशेब, ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी: १४ महिने, सरावासह अंदाजे ३५० तास, १२ अंडी, ९ काड्या (नंतर आणखी ६), २० तावांतून १ पान, एक काळं छत.

३० मार्च

चौकटीत घालण्याआधी पान उलटं केलं. मागच्या बाजूला तरी नाव हवं. दादीच्या खोलीत पुढेमागे कुणी चौकट उघडली तर कळावं. हिजरी १४४६ लिहिलं. मग त्याच कलमाने, त्याच शाईने, वर शिरोरेषा ओढून माझं नाव देवनागरीत.

मागच्या बाजूला आहार लावलाच नव्हता. शाई फुटली. शिरोरेषेला खाली मुळं फुटल्यासारखी दिसतायत. पुसायला गेले तर अजून पसरली, तेव्हा तसंच वाळू दिलं.